घरच्या घड्याळावर लावलेलं रेकॉर्डिंग

सेकंदरावांना खरं नाव होतं, पण ते त्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसतं 'घड्याळ दुरुस्ती' एवढंच. दुकान इतकं अरुंद, की आत गिऱ्हाईक असताना शिंक आली तर बाहेर जाऊन द्यावी लागे. कुणी "दोन मिनिटांत आलोच" म्हणून गेला की हा गृहस्थ चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवायचा आणि तो परत आला की चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवायचा. बोलायचा काही नाही. आता असल्या माणसाला बाजार सेकंदराव म्हणणार नाही तर काय म्हणणार?

दुकानातली सगळी घड्याळं अचूक. सेकंदरावांच्या मनगटावरचंही अचूक. घरची घड्याळं मात्र सात मिनिटं पुढे, आणि तीसुद्धा त्यांनीच लावलेली. कारण त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळी गल्ली जिला वहिनी म्हणते तिला, कुठेही निघायला सात मिनिटं उशीर व्हायचा. सहा नाही, आठ नाही. सेकंदरावांनी लग्नानंतर वर्षभर नोंद ठेवून सरासरी काढली होती. मग एका रविवारी भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं आणि उशाचं अशी सगळी घड्याळं त्यांनी सात मिनिटं पुढे ढकलली. आठवडाभरात वहिनींच्या ते लक्षात आलं. त्या मनातल्या मनात सात वजा करायला लागल्या आणि पूर्वीइतक्याच उशिरा निघायला लागल्या. घड्याळं मात्र पुढेच राहिली. एका छपराखाली दोन वेळा चालणार नाहीत, असा त्या घरचा कायदाच होऊन बसला. नवं घड्याळ घरात आलं की आधी सात मिनिटं पुढे जायचं आणि मग भिंतीवर चढायचं.

वहिनी ग्रंथालयात होत्या. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं हे त्यांचं काम, आणि ते त्या मन लावून करायच्या. त्याची सगळी भरपाई संध्याकाळी. आठवड्यातून तीनदा त्या समूहगानाच्या वर्गाला जायच्या आणि चाळीस माणसांत मिळून गळा मोकळा करायच्या. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. या एकोणीस वर्षांत सेकंदराव एकदाही त्यांचं गाणं ऐकायला गेले नव्हते. कार्यक्रम नेहमी सहाला, आणि सहा म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांची वेळ. "पुढच्या वेळी नक्की," असं ते दर वेळी म्हणायचे. या एका बाबतीत चिठ्ठी लिहून ठेवायचं त्यांना कधी सुचलं नाही.

तर झालं असं, की वहिनींच्या वर्गाला टीव्हीवर बोलावणं आलं. मोठ्या सभागृहात कार्यक्रम, तिथून थेट प्रक्षेपण, सहा ते सात, वहिनींचं गाणं सगळ्यात शेवटी.

"पुन्हा दाखवणार नाहीत म्हणे," वहिनी जेवताना म्हणाल्या. "एकदाच. आणि तेव्हा मी तिकडे उभी."

"मग?"

"मग काय मग? एकोणीस वर्षं सगळे म्हणतात, तुम्ही गाताना काय गंमत दिसता हो. काय गंमत, ते एक जण सांगेल तर शपथ. नुसते हसतात मेले. मला एकदा स्वतःला बघायचंय. बाकी काही मागत नाही मी."

आणि खरंच त्या काही मागत नसत. सेकंदरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि टीव्ही रेकॉर्ड करणारं यंत्र आणायचं कबूल करून टाकलं. त्यातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वहिनींच्या भावाला मात्र सगळंच कळायचं. मेव्हणेबुवा दुसऱ्याच दिवशी हजर. त्यांच्या घरी असा एक डबा होता, जो सहा चॅनल एकदम रेकॉर्ड करायचा, फोटो दाखवायचा, गाणी वाजवायची असतील तर आधी तुमचा मूड विचारायचा. "तसलाच घ्या," ते म्हणाले, "डोळे झाकून घ्या." त्यांची बायको हळूच वहिनींना म्हणाली, की तो डबा आल्यापासून घरात कुणी टीव्ही पाहिलेला नाही, कारण तो लावता येतो फक्त ह्यांना, आणि हे सारखे तो अपडेट करत बसलेले असतात.

शनिवारी सेकंदराव आणि वहिनी टीव्हीच्या दुकानात गेले. विक्रेता मोठा उत्साही होता. त्याने पहिला डबा पुढे ठेवला आणि त्याचे गुण गायला सुरुवात केली. सेकंदरावांनी डबा उचलला, उलटा केला, चारही बाजूंनी पाहिला.

"हा उघडतो कुठून?"

"उघडायचा नसतो काका."

"मग बिघडला तर?"

"नवा देतो ना बदलून."

सेकंदरावांनी डबा खाली ठेवला. ज्याला स्क्रू नाही असलं काहीही ते घरात घेत नसत. बदलून देतो म्हणणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत काय झालं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसरा डबा माणसाशी बोलणारा. त्याला नुसतं तोंडाने सांगायचं, अमुक रेकॉर्ड कर, की तो करणार. "दिवसभर लोकांची तोंडं बंद करते मी," वहिनी म्हणाल्या, "आता घरी येऊन डब्याचं तोंड उघडू?" तिसऱ्याला इंटरनेट हवं, खातं हवं, पासवर्ड हवा, आणि पासवर्डात एक आकडा, एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह हवं. हे ऐकता ऐकताच सेकंदरावांना खुर्ची लागली.

शेवटी सगळ्यात खालच्या फळीवरून विक्रेत्याने नाखुशीने एक काळी डबी काढली. पेनड्राइव्ह लावला तर गाणी, सिनेमे दाखवणार, आणि टीव्हीवर चालू असेल ते रेकॉर्ड करणार. बस्स. पुढे एकच बटण, चालू-बंद करायचं. बाकी सगळं रिमोटवर. सेकंदरावांनी डबी उलटी केली. खाली चार स्क्रू. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की वहिनींनी लगेच पिशवी उघडली.

"आणि यातलं घड्याळ," विक्रेता जाता जाता म्हणाला, "ते सिग्नलवरून आपोआप लागतं. तुम्ही त्याला हातसुद्धा लावू नका."

आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सांगायची काही गरज होती का?

घरी आल्या आल्या सेकंदरावांनी चारही स्क्रू काढून आत पाहिलं. एकही चाक नाही, एकही स्प्रिंग नाही. निराश होऊन त्यांनी ते परत लावले. मग डबी टीव्हीखाली ठेवून चालू केली, तर हिचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या सात मिनिटं मागे. सेकंदरावांनी मुकाट्याने ते आपोआपचं खटलं बंद केलं आणि डबीला घरच्या वेळेवर आणलं. ना त्यांना यात काही वावगं वाटलं, ना वहिनींना. घरात आलेलं घड्याळ सात मिनिटं पुढे जातं, तसंच हेही गेलं.

मग सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी सेकंदरावांनी बातम्या रेकॉर्ड करायला घेतल्या आणि पाऊण तास नुसता निळा पडदा रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी बातम्या नीट आल्या, पण वहिनींना कौतुकाने दाखवताना त्यांनी त्या पुसून टाकल्या. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"आजपासून या रिमोटला तुम्ही शिवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपण टायमर लावू. सहाला आपलं आपण सुरू होईल, सातला आपलं आपण बंद. तुम्ही फक्त समोर बसायचं."

वर्तमानपत्रात सहा ते सात छापलं होतं. सेकंदरावांनी वाचून दाखवलं, वहिनींनी बटणं दाबली, दोघांनी दोनदा तपासलं. घड्याळाकडे बघून सात मिनिटं वजा करायची सवय दोघांच्याही हाडात मुरलेली होती. पण पुढे असलेल्या घड्याळावर टायमर लावताना सात मिळवायची असतात, हे दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वहिनी निळा पोशाख करून, दारात चष्मा पुसून, रिमोट पर्समध्ये टाकून निघाल्या. हो, रिमोट घेऊन. नवऱ्याची त्यांना पुरती ओळख होती. सेकंदरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकान पाचला बंद केलं. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने तर घरी कुणाला बरं नाही का, म्हणून चौकशी केली.

भिंतीवर सहाचे ठोके पडले आणि डबीवर लाल दिवा लागला. सेकंदरावांचा जीव भांड्यात पडला. टीव्हीवर गादीची जाहिरात चालू होती. त्यानंतर फरशी पुसायच्या औषधाची. मग पुन्हा गादीची. सेकंदराव खुर्चीत चुळबुळायला लागले. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भिंतीवर सहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"सात मिनिटं उशीर," ते डबीला म्हणाले. "एवढं मोठं चॅनल, आणि एक धड घड्याळ नाही यांच्याकडे."

ते इतके संतापले, की अध्यक्षांचं भाषण चालू असताना त्यांनी एका जुन्या पावतीच्या मागे चॅनलला पत्र लिहायला घेतलं. वेळेची किंमत या विषयावर सात मुद्दे काढले. पाचवा मुद्दा तर फारच झकास उतरला होता. मग एक बासरी झाली, एक नाच झाला, एका गृहस्थांनी पक्ष्यांचे आवाज काढले आणि ते काही केल्या थांबेनात. अखेर निळ्या पोशाखातली चाळीस माणसं मंचावर चढली. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचव्या, वहिनी. त्या शेजारणीला कोपराने जरा सरकवून आपली जागा करून घेत होत्या. गाणं बसवणाऱ्या बाईंनी दोन्ही हात वर केले.

आणि लाल दिवा विझला.

सेकंदरावांनी भिंतीकडे पाहिलं. सात. मनगटाकडे पाहिलं. सहा वाजून त्रेपन्न मिनिटं. पुन्हा भिंतीकडे, पुन्हा मनगटाकडे. एकतीस वर्षांत लोकांची हजारो घड्याळं लावून देणाऱ्या माणसाच्या डोक्यात शेवटी एकदाचा उजेड पडला.

रिमोट पर्समध्ये, पर्स सभागृहात. डबीला एकच बटण, आणि ते दाबून फक्त डबी बंद होणार. त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, डबी मांडीवर उलटी घेतली आणि भराभर दोन स्क्रू काढले. आत जाऊन ते काय करणार होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गाणं सुरू झालं. त्यांनी मान वर केली ती पुन्हा खाली घातलीच नाही. गाणं संपेपर्यंत हा माणूस मांडीवर उलटी डबी आणि हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन तसाच बसून होता.

साडेआठला वहिनी आल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशाच येऊन बसल्या.

"कसं झालं ते सांगू नका. आधी लावूया."

"अगं, माझ्याकडून घोळ झालाय," सेकंदराव म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी तरीही रिमोट काढून रेकॉर्डिंग लावलं. गादी आली, फरशी आली, पुन्हा गादी आली. पुढे पळवत पळवत त्या स्वतःपर्यंत आल्या. कोपराने शेजारणीला सरकवताना दिसल्या. बाईंचे हात वर गेले आणि पडदा निळा झाला. वहिनी त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता कुठलं पुन्हा."

"मी पाहिलं पण," सेकंदराव म्हणाले.

"काय पाहिलंत?"

"तुला."

"मग? कशी दिसत होते?"

बायकोने विचारलेल्या कुठल्याही गोष्टीवर सेकंदरावांचं एकच उत्तर असे, ठीक आहे. तेही त्यांनी आज दिलं नाही. ते उठले, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मधोमध ठेवलं आणि त्यावर चढले. तिसरी रांग उंचावर होती, म्हणून. गाता त्यांना येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी आवाज न काढता नुसतं तोंड उघडलं.

सूर वर जाताना आधी डावी भुवई चढली आणि मग तिला गाठायला उजवी. सूर खाली आला तेव्हा हनुवटी थेट गळ्यात गेली आणि डोळे मोठे झाले. मधे सगळे श्वास घ्यायला थांबतात तिथे ते उगाचच कुणाकडे तरी बघून गोड हसले. मग एका ठिकाणी सगळ्यांच्या आधीच तोंड उघडलं, झटकन मिटलं, जीभ चावली आणि बाईंनी पाहिलं का, ते तिरक्या डोळ्याने बघून घेतलं.

"ते दिसलं?" वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"मला दिसलं. बाईंना नाही."

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना उचकी लागली, आणि डोळ्यांतलं मघाचं पाणी कुठलं आणि आताचं कुठलं, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

"शी, एवढी वाईट दिसते मी?"

"वाईट?" स्टुलावरून सेकंदराव म्हणाले. "अगं, चाळीस माणसं होती तिथे. मला दुसरं कुणी दिसलंच नाही. एकोणीस वर्षं मी त्या दुकानात काय करत बसलो होतो, देव जाणे."

वहिनींनी चष्मा काढून पुसला, नीट बसवला, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"ती भुवई पुन्हा दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि जरा सावकाश."