टीव्हीचं खोकं

कारखान्यातून बाहेर पडलेली एकही वस्तू माझ्या थोरल्या नणंदबाईंना, म्हणजे आक्कांना, आजवर पसंत पडलेली नाही. पसंत पडतं ते खोकं. कुणी काहीही आणून दाखवा, मिक्सर, पंखा, नातवाची सायकल, आक्का आधी खोक्याला बोटानं टिचकी मारणार, कोपरे दाबून बघणार आणि मग म्हणणार, "खोकं चांगलं हाय. आत काय दिलंय?" हे त्या अशा सुरात विचारतात की आणणाऱ्याला आतली वस्तू दाखवायचीच लाज वाटावी. माझ्या यजमानांना बहिणीचं हे वाक्य म्हणजे अनुभवाचे बोल वाटतात. मला लग्न होऊन आल्यापासून तो खवचटपणा वाटत आला आहे, आणि त्यात अजूनही फारसा फरक पडलेला नाही.

आक्कांना वालूरला दिलेलं. तिथून अधूनमधून त्या परभणीला आमच्याकडे चक्कर मारतात, आणि नेमक्या माझं पार्सल यायचं असतं त्याच दिवशी मारतात. एकदा मी मोबाइलवरून भाजी कापायचं यंत्र मागवलं होतं. खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं, मग पिशवी, मग फुगेफुगेवालं प्लॅस्टिक, असं सोलत सोलत मी गाभ्यापर्यंत पोचेतो आक्का समोर मांडी घालून बसल्या होत्या आणि निघालेलं प्रत्येक साल आपल्याकडे ओढून घेत होत्या. शेवटी हाती आलं ते मुठीएवढं हिरवं प्लॅस्टिक. पहिल्याच बटाट्याला त्याची दांडी मोडली. आक्कांनी दांडी हातात घेऊन उजेडात निरखली. "हे बटाटे कापायचं न्हाईच," त्या म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक कापायचं हाय." आणि माझ्याच विळीवर त्यांनी किलोभर बटाटे चिरून दाखवले. जाताना तिन्ही खोकी, ती पिशवी आणि फुगेवालं प्लॅस्टिक घेऊन गेल्या. ते प्लॅस्टिक एसटीच्या बाकावर अंथरून त्यावर बसल्या म्हणे. गाडी खड्ड्यात आदळली की आक्कांच्या खालून फटाफट आवाज यायचा, आणि चाक गेलं की काय म्हणून कंडक्टरनं दोनदा खाली उतरून पाहिलं. घरी पोचल्यावर आक्कांनी फोन करून निकाल दिला, की ह्यात बी दगाच हाय, बसलं तर टिकंना.

वालूरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात ज्याला वाचता येतं त्याची खैर नाही. रंगाच्या बादलीत तूरडाळ, पावडरीच्या डब्यात मोहरी, केसांच्या तेलाच्या बाटलीत खायचं तेल. खताच्या गोण्या उसवून शिवलेल्या अंथरुणावर वाळवण, आणि वाळवणावर कावळे बसू नयेत म्हणून वेफरच्या चकचकीत पुड्यांची माळ. संक्रांतीच्या वाणात बाया एकमेकींना ज्या प्लॅस्टिकच्या गाळण्या, साबणदाण्या लुटतात, त्या आक्का जपून ठेवतात आणि पुढच्या संक्रांतीला लुटतात. एका वर्षी मी दिलेली गाळणी मलाच आली. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, वापरली असती तर मोडली असती, म्हणून ठेवली.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खोकं परत मागायची सवय. आक्कांकडून कुणाला काही आलं तर आतला जिन्नस त्याचा, खोकं आक्कांचं. ते परत करावंच लागतं. आता आपल्याकडची रीत अशी, की कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. एका खोक्यावर आक्कांच्या घरात वर्षाला दोन-तीनदा भर पडायची ती अशी. एकदा मी ठरवून नुसती चिमूटभर साखर टाकून खोकं पाठवलं. "मुंग्यांची लय चांगली सोय केलीस," एवढाच त्यांचा निरोप आला.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या लेकीच्या लग्नात आक्का टीव्ही घेऊन आल्या.

म्हणजे खोकं टीव्हीचं होतं. ते दोघांनी धरून मंगल कार्यालयात आणलं, तेव्हा माईकवर आहेर पुकारणं चालू होतं. पुकारणारे गृहस्थ माझ्या यजमानांच्या कचेरीतले, आवाजाची हौस असलेले. त्यांनी खोक्यावरचं वाचलं आणि साऱ्या मांडवाला ऐकवलं, "नवरीच्या आत्याबाई, वालूर, यांच्याकडून त्रेचाळीस इंची रंगीत टीव्ही!" टाळ्या पडल्या. जिंतूरच्या आमच्या विहीणबाई तोवर मानपानावरून जरा फुगलेल्याच होत्या, त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. ज्या बाईनं स्वतःच्या घरात टीव्ही घेतला नाही ती भाचीला त्रेचाळीस इंची देईल, यावर माझा मात्र काडीचा विश्वास नव्हता.

आक्का पंगतीत जेवायला बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसून हळूच विचारलं, आत काय आहे.

"कुरडया," आक्का म्हणाल्या. "खाली शेवया, पापड, खारोड्या. थर्माकोल कसला भारी हाय, एक बी मोडायची न्हाई."

"अहो, माईकवर टीव्ही म्हणून पुकारला."

"त्यानं खोकं वाचलं. मी कुठं टीव्ही म्हनले?"

"मग आता जाऊन खरं काय ते सांगा."

आक्कांनी वरणाचा भुरका मारला. "कुरडया काय माईकवर सांगायच्या असत्यात व्हय?"

मी यजमानांना गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पाठवणी होऊन जाऊ दे म्हणाले. पाठवणी झाली. जीपच्या टपावर बांधलेलं ते खोकं जिंतूरच्या रस्त्यानं दिसेनासं झालं. लेक सासरी निघाल्याचं रडू मला धड आलंच नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या खोक्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. सासऱ्यांनी सकाळीच भिंतीत खिळे मारून घेतले होते. टीव्ही लावायला माणूस आला होता. शेजारपाजारच्या बाया बघायला बसल्या होत्या. खोकं उघडलं, वरचा थर्माकोल उचलला, आणि खाली धुवट धोतराच्या घड्यांवर कुरडया. थरावर थर. एकही मोडलेली नाही. विहीणबाईंनी थोडा वेळ आत पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "तेल ठेव. लोकं बसलेत."

पुढे अख्ख्या गल्लीला ते पुरलं. तुमच्याकडं टीव्ही तळून खातात म्हणे, असं बाया लेकीला नळावर विचारायच्या. विहीणबाई सुनेशी कामापुरतं बोलायच्या. पहिल्या पंचमीला लेक माहेरी यायला हवी, तर तिकडून निरोप आला की घरात कामं आहेत, बघू. हे "बघू" ऐकून माझी जेवणावरची वासनाच उडाली. लग्नानंतरची पहिली पंचमी आणि लेक झोक्याला नाही, ही गोष्ट मी कुणाला सांगणार होते? बरं, या काळात आक्का काय करत होत्या? आठवड्याला फोन करून विचारत होत्या, "खोकं आलं का गं?"

शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं आणि मोबाइलवर सेल लागला होता त्यातून खराखुरा टीव्ही जिंतूरला पाठवून दिला. तेवढाच मोठा, नाव कधी न ऐकलेलं, चित्रात मात्र फार देखणा. तो त्या खिळ्यांवर लागला. पहिला पंधरवडा बरा गेला. मग त्यातली सगळी माणसं हिरवी दिसायला लागली, मग नुसता आवाज राहिला, आणि आषाढ संपेतो तोही गेला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडून पाहिलं आणि या कंपनीचा पत्ता कुणालाच माहीत नाही असं सांगून पुन्हा लावून दिलं. मी डोक्याला हात लावून बसले. आता पंचमी गेलीच म्हणायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. लेक उतरली, जावई उतरले, आणि टपावरून आक्कांचं खोकं उतरलं. मला आधी वाटलं, रागानं परत पाठवलं. उघडलं तर काठोकाठ भरलेलं. गूळ, शेंगदाणे, मुगाची डाळ, वर आक्कांसाठी एक इरकली लुगडं. लेक सांगत होती, कंपनीचा टीव्ही बंद पडल्यावर घरात येईल त्या पाहुण्याला कुरडयाच तळून वाढल्या, आणि खाणारा प्रत्येक जण कुणी केल्या म्हणून विचारत गेला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की भरून आलेलं खोकं रिकामं कसं पाठवायचं. आक्कांना निरोप होता तो असा, "टीव्ही संपला म्हणावं. उन्हाळ्यात परत भरून द्या."

आक्कांना मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांनी लुगड्याचं विचारलं नाही, गुळाचं विचारलं नाही. "खोक्याचे कोपरे धड हायेत ना?" म्हणाल्या. मी फोन आपटला, आणि मग एकटीच हसत बसले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते खोकं वालूरहून परभणीला आणि परभणीहून जिंतूरला जातं. चिकटपट्ट्या लावून लावून त्यावरचं टीव्हीचं चित्रही दिसेनासं झालं आहे. लेक दोन मुलांची आई झाली. आणि आक्का थकल्या, हे मात्र आम्हाला कुणालाच नीट दिसलं नाही, कारण त्यांची जीभ थकली नव्हती.

यंदा खोकं आणायला मी स्वतः वालूरला गेले. कुरडया करायच्या म्हणजे गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून दाबून पाडायचा. त्या दाबण्यातच सगळा जोर. आक्कांच्या मनगटांना हळदीचा लेप होता आणि त्यावर पट्टी म्हणून कसल्यातरी पिशवीचे बंद बांधलेले होते. खोकं बांधून तयार होतं. मी उचललं तर फारच हलकं लागलं. उघडून पाहिलं. वर एक-दोन थर कुरडया, आणि खाली तळापर्यंत वर्तमानपत्राचे बोळे.

मी म्हटलं, "आक्का, एवढ्याच असतील तर लहान खोकं द्यायचं. याच्यात कशाला?"

"लहान दिलं की विहीणबाईला कळंल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता चिकटपट्टीचं टोक शोधत राहिल्या. ते त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं. "जलमभर कंपन्यांना नावं ठिवली. आता मी बी कंपनीच झाले बघ."

मी टोक शोधून दिलं. इतक्या वर्षांत एखादं खोचक उत्तर द्यायची संधी आक्कांनी मला पहिल्यांदाच दिली होती, आणि मी चिकटपट्टी लावत बसले.

जिंतूरला विहीणबाईंनी खोकं स्वतः उघडलं. कुरडया हलक्या हातानं परातीत काढल्या. मग खालचे बोळे एकेक करून बाहेर काढले, मांडीवर सपाट केले, त्यांची घडी घातली. शेवटचा कागद हातात असताना त्यांनी विचारलं, "आक्कांचे हात लय दुखायलेत का?"

मी हो म्हणाले.

त्यांनी पदरानं खोक्याचा तळ पुसून घेतला आणि सुनेला हाक मारली. संध्याकाळच्या गाडीला मी निघाले तेव्हा खोकं माझ्या पायाशी होतं आणि चांगलंच जड होतं. आत जिंतूरच्या कुरडया होत्या, त्या घरात यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच करून वाळवलेल्या, थोड्या वेड्यावाकड्या. कागदाला जागा राहिली नव्हती.