पेंटरभाऊंचं रिंगण

एक डोळा मिटून ते आवाज ऐकायचे. मागे सरून एका डोळ्यानं चित्र जोखणारे पेंटर तुम्ही पाहिले असतील. राजुऱ्यातले आमचे पेंटरभाऊ स्पीकरही तसाच तपासत. "जमून राह्यलं बाई," असं मला म्हणाले की कुणी बटणाला हात लावायचा नाही.

सकाळी दुकानांच्या पाट्या, दुपारी ट्रकच्या मागची फुलं, लग्नसराईत डीजे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे डीजे म्हणजे दोन कॅसेट डेक आणि स्पीकरचे चार खोके. खोक्यांवर त्यांनी मोर रंगवलेले. एका वरातीत लोक नवरदेव सोडून मोरच पाहायला लागले, तेव्हा नवरदेवाचे मामा चिडले. पेंटरभाऊ म्हणाले, "मामा, नवरदेवालेही रंगवून देतो. फक्त सुकेपर्यंत नाचू नको म्हना त्याले."

मी गावच्या उत्सव मंडळाची सचिव. पाहुणे कुठे बसणार, हार कुठल्या पिशवीत, सगळं आधी ठरलेलं. मंडळाच्या वार्षिक मेळाव्याची कल्पना मात्र पेंटरभाऊंची: जिवतीच्या डोंगरातलं गोंडांचं दंडार पथक नाचणार, मागे पेंटरभाऊंनी रंगवलेला जंगलाचा पडदा, आणि ढोल थांबला की त्याच ठेक्यावर त्यांच्या डीजेची गाणी. अध्यक्षांनी बजावलं, "फसलं तं पुढच्या साली बाहेरचा ऑर्केस्ट्रा. तुमी मंग पाट्याच रंगवा." पेंटरभाऊ हसले, पण पडदा पुरा होईपर्यंत त्यांनी दुसरं काम घेतलं नाही.

मेळाव्याच्या दुपारी पथक उतरलं. त्यांचे म्होरके, एक म्हातारबाबा, मंच पाहून थबकले. "इथी नाई नाचत."

"काऊन बाबा?" पेंटरभाऊंनी विचारलं.

"आमचा नाच गोल हाय. अर्धे लोक पाठच पाहतीन."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. पेंटरभाऊंनी सरळ पडदा सोडला आणि खाली मैदानात अंथरला. "या, याच्यावर नाचा."

म्हातारबाबांनी वाकून त्यातला मोह पाहिला, साग पाहिला, बांबूचं बेट पाहिलं. "झाडावर पाय कसा देऊ, भाऊ?"

पेंटरभाऊ पडद्याजवळ वाकले. त्यांच्या चित्राला असा मान त्याआधी कुणी दिला नसेल, आणि त्याच मानापायी ते चित्र आता कुणाला दिसणार नव्हतं. त्यांनी पडदा गुंडाळून मंडपामागे ठेवला आणि हाक मारली, "बाई, खुर्च्या फिरवा!"

खोके मंचावरून मैदानाच्या चार कोपऱ्यांत गेले. प्रमुख पाहुण्यांना मी म्हटलं, "साहेब, जरा उठता का?" ते न उठता खुर्चीसकट वळले.

मग ढोल घुमला. तो थांबायच्या बेतात असतानाच पेंटरभाऊंनी गाणं असं अलगद आत सोडलं की ढोलवाले थांबलेच नाहीत. बायका उठल्या, भाजीवाले गाड्या सोडून आले. म्हातारबाबांनी पेंटरभाऊंना हाताला धरून रिंगणात ओढलं. रंगानं माखलेल्या पायजम्यात ते असे नाचले की ठेका चुकला तरी कुणी हसलं नाही. ऑर्केस्ट्र्याचा विषय अध्यक्षांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आम्ही मंच बांधलाच नाही. दरवर्षी पथक यायचं आणि दरवर्षी पेंटरभाऊ रिंगणात असायचे. पुढे फ्लेक्स आले, पाट्यांचं काम आटलं, आणि ते हैदराबादला मेहुण्याकडे कामाला गेले.

त्या वर्षी म्हातारबाबांनी उतरताच विचारलं, "पेंटर कुठी हाय?"

मी सांगितलं.

"तो येईन तवा येईन," ते म्हणाले, आणि पथकाला हात करून त्यांनी आपल्या शेजारी जागा सोडायला लावली. ढोल सुरू झाला. रिंगण फिरू लागलं, आणि एका माणसाएवढी मोकळी जागाही त्याच्याबरोबर फिरत राहिली.