एक शॉकअप पुढं, एक मागं

लग्न ठरल्यावर माझ्या नातीची एकच मागणी होती. सासरी जायचं ते आजोबांच्या जुन्या गाडीतून, आणि चालवणार तीच. पालीहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याला. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, गाडीखाली टॉर्च मारला आणि निकाल देऊन टाकला.

"माय, ही गाडी न्हाई जायची. मागचे धक्के झेलनारे शॉकअप बघ. डावा एक्सलच्या पुढं, उजवा एक्सलच्या मागं. कुन्यातरी गॅरेजवाल्यानं चुकीचे बसवलेत. घाटात पोरीचा जीव टांगणीला लावू का? भाड्यानं नवी गाडी आणू."

नातीचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र हसू आलं, कारण हाच निकाल मी तरुणपणी दिला होता.

आमचे हे ती गाडी घेऊन आले तेव्हा मी नवी नवरी, त्यात मॅट्रिक पास. मॅट्रिक म्हणजे साऱ्या जगाची तपासणी करायचा परवाना, असा माझा समज. नव्या साडीनिशी गाडीखाली शिरले, कपाळाला ऑइल लावून बाहेर आले आणि गल्लीभर सांगत सुटले की आमच्या ह्यांना फसवलं.

"कावून?" ह्यांनी विचारलं.

"जोडीच्या वस्तू जोडीनंच असतात. बैल कधी एक पुढं, एक मागं जुंपलेत का?"

"बनवणाऱ्यानं कायतरी इचार केला असंल की."

कसला विचार, ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही, कारण मला आधीच सगळं येत होतं.

आता सत्तरी ओलांडल्यावर मला ते खरोखर जाणून घ्यावंसं वाटलं. सतरंजी अंथरली. एका बाजूनं नात, दुसऱ्या बाजूनं मी, अशा आम्ही गाडीखाली सरकलो. गुडघे आत जायला तयार होते, परत येण्याचं त्यांनी काही कबूल केलं नव्हतं.

शॉकअप ज्या पट्ट्यांना अडकवले होते, त्या दोन्ही एक्सलला कंपनीतच जोडलेल्या दिसत होत्या. जोडकाम एकसारखं, वर तोच जुना काळा रंग. म्हणजे गॅरेजवाला सुटला. मग कंपनीला ही काय बुद्धी झाली?

नातीनं पडल्या पडल्याच फोनवर शोधलं आणि मला सांगितलं. या जुन्या गाडीत मागची दोन्ही चाकं जोडणारा एक्सल नुसत्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बांधलेला. रेस दिली की तो एकीकडं पिळायला बघतो, ब्रेक दाबला की उलटा. पाटे वाकतात, उसळून परत सरळ होतात आणि चाकं थडथड उड्या मारतात. म्हणून त्याला एक शॉकअप पुढून आवरतो, एक मागून. पुढच्या काळात एक्सल धरायला वेगळे दांडे आले, मग शॉकअपवरचं हे काम सुटलं.

"कळलं का, आजी?"

"शब्द कळले."

अर्थ कळला तो दुपारी, एसटी आठवल्यावर. बीडला जाताना मी बसमध्ये दोन्ही पाय जुळवून उभी राहायची, फोटोत राहतात तशी. बस निघाली की मागच्याच्या टोपलीत, थांबली की पुढच्याच्या पाठीवर. कंडक्टर कशालाही न धरता तिकिटं फाडायचा, एक पाय पुढं, एक मागं. "ताई," म्हणायचा, "ही काय शाळेची प्रार्थना हाय का?" मला वाटायचं, काय हे गावठी उभं राहणं.

मी लेकाला हाक मारली. "पाय जुळवून उभा राहा."

राहिला. मी मागून ढकललं. पन्नाशीचा सरकारी नोकर लग्नासाठी काढलेल्या गाद्यांच्या ढिगावर पालथा.

"माय, येडी झालीस का?"

"ऊठ. आता एक पाय पुढं, एक मागं."

मागून ढकललं, पुढून ढकललं. गडी हलला नाही. जरा वेळ तो स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मग सतरंजीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्याही कपाळाला ऑइल होतं.

"जाऊ द्या गाडी," तो म्हणाला. "पण मी मागं बसनार."

"पप्पा, पाठराखीण आजी हाय ना?"

"दोघं बसू."

विहारात लग्न लागलं आणि आम्ही निघालो. शेजारी नवरदेव, मागं आम्ही मायलेक. ऐन चढावर ट्रक आडवा आला. नातीनं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला, रेस दिली. मागं थडथड होते का म्हणून मी कान लावून बसले. गाडी सरळ वर निघाली.

लेकाकडं पाहिलं. त्यानं डोळे गच्च मिटले होते आणि बसल्या जागी एक पाय पुढं, एक मागं रोवला होता.