बाबासोच्या अंगावरचा भाड्याचा गणवेश

कारगिलनंतर कोल्हापुरात देशभक्तीला नुसता ऊत आला होता. त्याच भरात आमच्या दत्तप्रसादांनी 'शूरवीर कृतज्ञता मंच' काढला. 'निराधार माजी सैनिकांचा आधार' असं पाटीवर लिहिलेलं. मी तिथं टायपिस्ट होते. सहा महिने मी फक्त निमंत्रणपत्रिका टाइप केल्या. तेव्हा आधार कुणाला मिळाला, हे मला विचारू नका.

पहिल्या समारंभाचे पाहुणे ठरले, हार ठरले, मांडव ठरला. सैनिक तेवढा राहून गेला. मग कुणीतरी गूळ बाजारातून बाबासो कांबळेला उचलून आणलं.

बाबासो कोडोलीचा. ऐंशीच्या दशकात तो काश्मिरात खेचरांच्या तुकडीत होता. वरच्या चौक्यांना रसद पोचवायची. एकदा बर्फावर खेचर घसरून अंगावर पडलं, उजवा गुडघा कामातून गेला आणि नोकरीच्या अकराव्या वर्षी फौजेनं घरी पाठवलं. दुखापत नोकरीतच झाली, असं सांगणारा दवाखान्याचा कागद कुठंतरी अडकला, म्हणून पेन्शन नाही. त्या पायानं शेतातली मजुरी होईना. बायको यल्लव्वा वारल्यावर भावाच्या घरी फुकट जेवणं त्याला पटलं नाही. पंच्याण्णवपासून तो एका अडत्याच्या पडवीत, गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, राखण करत झोपायचा.

मंचानं त्याची दाढी करवली. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून गणवेश आणला. छातीवर पदकं एवढी, की सेनापतीनं लाजावं.

"ही कुणाची हो?" बाबासोनं विचारलं.

"असू द्या, लांबून शोभतात," दत्तप्रसाद म्हणाले.

बाबासोनं एकेक पदक काढून टेबलावर ठेवलं.

स्टेजवर निवेदकानं बाबासोच्या हातून एक आख्खं शिखर काबीज करवलं. टाळ्या थांबल्या. मग बाबासोनं माईक ओढला.

"पावणं, म्या शिखर-बिखर न्हाय घेतलं. म्या खेचरं हाकायचो. शाल नको मला. दवाखान्याचा कागद गावंना झालाय, त्येवढा हुडकून द्या की."

सभा हसली. "बघा, अस्सल मातीतला माणूस!" म्हणत दत्तप्रसादांनी शाल घातलीच. फोटो निघाले. फोटो झाल्या झाल्या गणवेश उतरवून घेतला, कारण तो संध्याकाळच्या आत परत द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबासो फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं आपलं डिस्चार्ज बुक घेऊन ऑफिसात हजर.

"आमचं काम सन्मानाचं," दत्तप्रसाद म्हणाले. "कागदपत्रांत आम्ही पडत नाही." आणि ते पुढच्या समारंभाच्या मांडवाला निघून गेले.

बाबासो माझ्या टेबलाकडं वळला. "ताई, तुमास्नी टाइप येतंय न्हवं? मग लिव्हा की."

मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. मी लिहिलं. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, दवाखान्याला, पुन्हा रेकॉर्ड ऑफिसला. सगळी मिळून नऊ पत्रं झाली. दोन हजार एकमध्ये एका जुन्या रजिस्टरात त्याच्या गुडघ्याची नोंद सापडली, पुन्हा तपासणी झाली आणि पेन्शन सुरू झालं. मंचाच्या स्मरणिकेत छापून आलं, 'आमच्या अथक प्रयत्नांना यश.' अथक! एक पाकीट चिकटवायला कुणी जीभ बाहेर काढली नव्हती. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.

बाबासोनं बाजाराजवळच एक खोली घेतली आणि महिन्याभरात स्टँडवरून ज्ञानूला घरी आणलं. ज्ञानू नेसरीचा, फौजेतला ड्रायव्हर, दारूनं पार खंगलेला. त्याच्यामागं आणखी आले. बाबासो आधी जेवायला वाढायचा, मग विचारायचा, "डिस्चार्ज बुक हाय का?" असलं तर त्या माणसाला पत्रं लिहून घ्यायला माझ्याकडं पाठवायचा. नसलं, तरी झोपायला जागा द्यायचा. दारावर पाटी नव्हती.

दोन हजार चारमध्ये दत्तप्रसाद तिथं उगवले. सोबत फोटोग्राफर आणि मंचाचा भलामोठा बॅनर. मी आतच कागद तपासत बसले होते.

"दारावर लावू या," ते म्हणाले. "शेवटी काम एकच आहे आपलं."

"लावा की," बाबासो म्हणाला. "पर आदी ह्या ज्ञानूला त्या बाजूनं धरा. आंघूळ घालायची हाय. रातभर वकलाय त्यो."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. दत्तप्रसादांना मात्र एक तातडीची मीटिंग आठवली.