साळवेंच्या गच्चीवरच्या दोन बाटल्या

साळवे गेल्याचा फोन वहिनींनीच केला. सकाळची वेळ होती, मी पेपर चाळत बसलो होतो. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही येताल ना?" खरं सांगतो, गेल्याच्या बातमीपेक्षा तो 'येताल ना' मला जास्त लागला. छावणीतलं त्यांचं घर माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर, आणि दीड वर्ष मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. वहिनींनी ते एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

भास्कर साळवे हे आमच्या शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. आयुष्यभर परीक्षानळ्या मांडल्या, द्रावणं बनवली, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा केल्या. मी कृषी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पंधरा वर्षांच्या दोस्तीत मी त्यांना 'साळवे' म्हणालो आणि ते मला 'साहेब'. हे आज लिहिताना खुपतं, तेव्हा कधी खुपलं नाही. आमची ओळख झाली ती पुष्पप्रदर्शनात. त्यांची जांभळी डेंड्रोबियम, म्हणजे ऑर्किडमधली त्यातल्या त्यात सोशिक जात, एका कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली होती. मी सवयीप्रमाणे न मागता सल्ला दिला, "हिला पानावरून खत मारा, दुप्पट फुलेल." ते शांतपणे म्हणाले, "पानाला तोंड कुठं असतंय, साहेब?" मला राग आला, आणि माणूसही आवडला.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात ऑर्किड जगवणं म्हणजे हौसेचा कहर. साळवेंनी गच्चीवर हिरवी जाळी बांधली होती, खाली ओली पोती अंथरली होती, कुंड्यांत मातीऐवजी नारळाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. आमच्या पुष्पप्रेमी मंडळात तेव्हा ऑर्किडसाठीच्या एका खास फवारणी खताचं वेड लागलं होतं. बाटलीवर फुलांचा असा काही फोटो, की झाडानं तो पाहूनच लाजेनं फुलावं. शहरात ते खत विकायची एजन्सी मंडळाचे अध्यक्ष असलेल्या डॉक्टरांच्या पुतण्याकडे होती, त्यामुळे प्रत्येक बैठकीत त्याचं कौतुक व्हायचंच. मीही त्यात सूर मिसळायचो. नोकरीभर शेतकऱ्यांना फवारण्या सांगितलेला माणूस मी, मला शंका कशी येणार?

साळवेंना यायची. "पानावर मेणाचा थर हाय, साहेब. वरून मारलं की ओघळून खाली मुळावर जातंय. पिणारं मूळ, अन् नाव पानाचं. मग तेच खत साध्या पाण्यात घालून मुळाला दिलं तर? अन् नाय दिलं, नुसतं सावली-पाणी नीट ठेवलं तर? कुणी बघितलंय का?" कुणीच बघितलं नव्हतं. म्हणून त्यांनी बघायचं ठरवलं. एकाच जातीच्या चोवीस कुंड्या, बारा-बाराच्या दोन ओळी. एका ओळीच्या कुंड्यांना लाल दोरा, दुसरीच्या कुंड्यांना निळा. फवारणीच्या बाटल्याही दोन, त्यांच्या गळ्यात तेच दोरे. एकीत फिल्टरच्या पाण्यात कालवलेलं ते खास खत, दुसरीत नुसतं फिल्टरचं पाणी. कुठलीत काय, हे फवारणाऱ्याला कळता कामा नये, असा त्यांचा हट्ट. "मला ठाऊक असलं तर माझा हात लाडक्या ओळीवर जास्त येळ राहील. बाटल्या तुम्ही भरा. चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करा." मी लिहिलं, लाल म्हणजे खत. त्यांनी पाकीट न बघता ट्रंकेत टाकलं. माझ्यावर त्यांनी टाकलेला तो विश्वास होता, पण मला तो पोरखेळ वाटला.

दोन वर्षं दर रविवारी मी जायचो. मी गच्चीवर बाटल्या भरायचो, तेवढ्यात ते खाली चहा ठेवायला जायचे, मला बघावं लागू नये म्हणून. पहिले काही महिने मी नीट भरल्या. मग उन्हाळा आला. निळ्या ओळीची पानं पिवळी पडायला लागली. लाल ओळीचीही पडत होती, पण मला निळीचीच दिसली. माझा जीव कळवळला. एका रविवारी मी निळ्या बाटलीतही खत टाकलं. पुढच्या रविवारीही. नंतर तर दयेचाही प्रश्न उरला नाही, निव्वळ आळस. एकाच बादलीत कालवायचं आणि दोन्ही बाटल्यांत ओतायचं... काम लवकर उरकायचं, चहा गरम मिळायचा.

दोन वर्षांनी त्यांनी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. वहीतून आकडे वाचले. किती पानं, किती दांडे, किती फुलं. दोन्ही ओळी सारख्याच. "फरक नाय," ते म्हणाले. बैठका डॉक्टरांच्या घरी व्हायच्या, आणि त्या दिवाणखान्यात त्यांचं बोलणं पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणीच होतं, हे कशावरून?" साळवे म्हणाले, "तपासून सांगतो." मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बिस्कीट खाल्लं.

फिल्टर दुरुस्त करणारे पाण्यातले क्षार मोजायला एक पेन वापरतात, तसं साळवेंकडे होतं. घरी जाऊन त्यांनी दोन्ही बाटल्यांतल्या तळाच्या उरल्यासुरल्या पाण्यात ते बुडवलं असणार, आणि खत म्हणजे क्षारच, त्यामुळे दोन्हीकडे आकडा सारखाच चढला असणार. पुढच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या टायमाला मी सांगितलं ते धरू नका. दोन्ही बाटल्यांत खतच होतं. भरताना चूक झाली."

"बाटल्या भरायचं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

साळवेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललोही असतो, अशी मी अजून स्वतःची समजूत घालतो. ते म्हणाले, "मीच."

"साळवे, प्रयोग करणं म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाटल्या विसळणं नव्हे हो," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. त्या हसण्यात खताबद्दल काहीच नव्हतं. वस्तीतून वर आलेल्या, नळ्या धुणाऱ्या माणसानं आम्हाला शिकवायला यावं, याचा तो वचपा होता, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. त्या वर्षी प्रदर्शनाच्या परीक्षकांतून त्यांचं नाव गेलं. त्यानंतर मी रविवारी जायचं बंद केलं. गुडघ्याचं कारण सांगितलं.

परवा मंडळानं शोकसभा घेतली. फोटोला हार, खाली त्याच खताच्या जाहिरातीचा फलक. डॉक्टर म्हणाले, "स्वतःची चूक कबूल करणारा असा प्रांजळ माणूस विरळा." मग मलाही बोलायला लावलं. साळवेंचा साधेपणा, साळवेंची चिकाटी... पाच मिनिटं मी गोड बोललो आणि तेवढं एक वाक्य टाळलं. ते इथं लिहितो. बाटल्या मी भरायचो. चूक माझी होती, त्यांना ती कळली होती, आणि त्यांनी ती भर सभेत आपल्या नावावर घेतली. मंडळाच्या सभासदांनी हे वाचावं आणि त्या दिवशी आपण कुणाला हसलो ते एकदा आठवावं.

त्या खतानं ऑर्किड फुलतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. ज्याला ते शोधायचं होतं, त्याचं उत्तर मी बादलीत कालवून टाकलं.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी गच्चीवर नेलं. दोन्ही ओळी तशाच होत्या, दोऱ्यांचा रंग उडाला होता. कठड्यावर दोन्ही बाटल्या उपड्या ठेवलेल्या, स्वच्छ धुतलेल्या. "दर शनिवारी धुऊन ठेवायचे," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा सुरुवात करायची म्हणायचे. म्हटलं, मी भरते की. तर म्हणले, नको, साहेब येतील. त्यांच्याच हातानं नीट व्हायला पायजे."

त्या चहा ठेवायला खाली गेल्या. मी लाल दोऱ्याच्या बाटलीत खत कालवलं. निळ्या बाटलीत फिल्टरचं पाणी भरलं, नुसतं पाणी. यावेळी कुठं काही चुकलं नाही. मग दोन्ही बाटल्या घेऊन तिथंच उभा राहिलो. कुठलीत काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ज्याला ते ठाऊक नसायला हवं होतं, तो माणूस आता नव्हता.