शेडमधला तिरपा अँगल

शेजारी इंजिनिअर राहायला आला की भिंतीला कान लावावे लागत नाहीत, किस्से आपणहून चहाला येतात! शिरूरला आमच्या घराला लागूनच नितीनचं ऑफिस. कारखान्यांची शेडं आधी कंप्युटरमध्ये उभी करायची, त्यांच्यावर वारा सोडायचा, पडतात का बघायचं, हा त्याचा धंदा. मी सातवी शिकलेली, पण चहा द्यायच्या निमित्तानं बरंच शिकले.

*

पहिल्याच दिवशी स्क्रीनकडं बघून विचारलं, "दोन खांबांमध्ये हे तिरपं काय रे?"

"ब्रेसिंग, काकू. शेड कलू नये म्हणून." त्यानं माझ्या खराट्याची काडी घेतली. दोन्ही टोकांनी ओढली, काही झालं नाही. दाबली, मधूनच वाकली. "ह्या तिरप्या लोखंडी अँगलचंही असंच. कंप्युटरला दोन्ही वेगवेगळं सांगावं लागतं."

"म्हंजी आमच्या ह्यांच्यासारखं! ओढून हलत न्हाईत, जरा दाबलं की वाकतात."

*

एकदा दाबल्यावर वाकतं हे कंप्युटरला सांगायलाच तो विसरला. स्क्रीनवर शेड कसल्याही वाऱ्यात ताठ! त्याचं काम तपासणाऱ्या पुण्याच्या सरांनी फोनवर झापलं, "अरे, तुझं शेड वादळात शिट्टी वाजवतंय!"

*

शेड खरोखर उभं करायचे ते आप्पा, वेल्डिंगवाले. त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं. "लोखंडाला काय शिकवतो? कवा वाकायचं ते त्याला ठावं हाय!"

*

आपल्याकडं रीतच आहे, शेड झालं की मालकाला नेमकं तिरप्या अँगलच्या जागी दार हवं. कुरकुंभकडच्या एका मालकाला गाडी आत घ्यायची होती. नितीननं कंप्युटरमधला अँगल काढून बघितला. शेड आडवं! "नाही जमणार," म्हणाला.

मालक आप्पांकडं गेला. आप्पांचा धाकटा भाऊ किसन त्याच शेडमध्ये पॅकिंगला. तरी आप्पा म्हणाले, "एका अँगलनं काय व्हतंय?" गॅस कटर त्यांनीच धरला.

नितीन तीनदा सांगून आला. तिसऱ्या वेळी किसनच हसला, "सायेब, आप्पांनी बांधलंय. पडंल कसं?"

*

वळवाच्या वाऱ्यात शेड बसलं. किसन त्याच्याखाली गेला.

तेराव्यानंतर आप्पा नितीनकडं आले. मी चहा ठेवला, तो तसाच निवला.

"त्यो अँगल परत लाव."

नितीननं लावला.

"आता त्या दिवशीचा वारा सोड."

सोडला. अँगल वाकला, शेड हललं, पण उभं राहिलं.

आप्पा बघतच बसले. शेवटी नितीननं हळूच माऊसकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "चालूच ऱ्हाऊ दे."