वीस वर्षांना पाच महिने कमी

“बाही धरली म्हणजे हल्ला? मनोहर, आपली आरोही आहे ती!”

“हळू बोल. हॉलमध्ये तिच्या आईबरोबर बसलीय.”

“ऐकू दे!” त्याच्या बायकोने, सुवर्णाने, ओट्यावर कप आपटला.

मनोहर टिपणीस अमेरिकेतल्या अर्विंग शहरात एका हायस्कूलमध्ये नेमलेला पोलीस. तिथली मराठी मुलं त्याला काका म्हणायची आणि तो खूश व्हायचा. मंगळवारी कॅफेटेरियात दोन मुलींचं भांडण सोडवायला तो गेला, तर त्यातल्या एकीने, घरोब्यातल्या पंधरा वर्षांच्या आरोहीने, सवयीने त्याची बाही ओढली. “काका, माझं ऐका ना!” सगळी शाळा बघत होती. आपल्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने तिला जमिनीवर पाडून बेड्या घातल्या. तिचं मनगट मोडलं. रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं, ऑफिसरवर हल्ला.

“रिपोर्ट बदल.”

“बदलला तर मला काढतील. वीस वर्षं भरायला पाच महिने उरलेत. पूर्ण पेन्शन तू देणार का?”

“तिच्यावर केस होईल रे!”

“लहान आहे, विसरेल. युनिफॉर्मला हात लावू नये, हे आईबापांनी शिकवायला हवं होतं.”

“गणपतीत तुझ्या पाया पडायला शिकवलं ना त्यांनी!”

प्लास्टरमधला हात छातीशी धरून आरोही किचनच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“काका, मी खरंच तुम्हाला मारलं का?”

मनोहरने खुर्चीवरचा पट्टा उचलून कमरेला बांधला, बक्कल नीट लावलं आणि तिच्या बाजूने वाट काढत तो ड्यूटीवर निघून गेला.